एक माणूस अधिक : वाहनातील जादा भाराची खरी किंमत

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त शेंडी-भंडारदरा येथे प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासनाने उभे राहून जमाखर्च सांगावा, अशी प्रथा आहे. तो जमाखर्च लेखापरीक्षकांच्या सहीनिशी या अहवालाच्या पुढील पानांवर छापलेला आहे व तो आपण सवडीने वाचालच. आज आम्ही अशा एका खर्चाविषयी बोलणार आहोत, ज्याचे स्वतंत्र शीर्ष कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही. तो कधी निर्धन रुग्ण निधीत दडलेला असतो, कधी रक्ताच्या पिशव्यांच्या हिशेबात, कधी अतिदक्षता विभागाच्या खाटांत, तर कधी वसूल न झालेल्या बिलांत. क्षमतेपेक्षा अधिक भरलेल्या वाहनांमुळे समाजाला सोसावा लागणारा हा खर्च होय.

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलेली माणसे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु अपघातग्रस्ताचा केसपेपर ज्या खिडकीवर निघतो, ती खिडकी आमच्याकडे आहे. त्या खिडकीवर आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न जिवाचा असतो आणि दुसरा पैशांचा. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता देता जे समजले, ते आपणांपुढे मांडणे हे कर्तव्य वाटते.

हा विषय भंडारदऱ्यात मांडण्यास कारण आहे. घोटीहून बारी, वारंघुशीमार्गे येणारा रस्ता घाटाचा आहे. शेंडीहून जलाशयाला वळसा घालून रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांना जोडणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा, आणि पावसाळ्यात धुक्याने झाकलेला असतो. मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांचा हंगाम सुरू झाला की मुंबई, पुणे, नाशिककडच्या गाड्यांची रीघ लागते. पाठोपाठ पावसाळी पर्यटक येतात. श्रावणात रतनवाडीच्या अमृतेश्वराचे दर्शन असते, नवरात्रात कळसूबाईची यात्रा असते. भातलावणीच्या म्हणजे आवणीच्या दिवसांत मजुरांची ये-जा असते. आवणी आटोपली की याच मुलखातील कुटुंबे नारायणगाव, नाशिक परिसरात मजुरीसाठी जातात. दिवाळीनंतर खाली अकोले, संगमनेरकडे उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. म्हणजे वर्षाच्या बाराही महिन्यांत या ना त्या निमित्ताने आपल्या रस्त्यावर असे वाहन असतेच, की ज्यात मावतील तितकी माणसे किंवा राहील तितका माल भरलेला आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये वाहनाच्या वजनाची मर्यादा घालून दिलेली आहे. पूर्वी जादा मालाचा दंड दोन हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे एक हजार रुपये असा होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये असा केला. माल बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीने वाहनाच्या बाहेर आला, तरीही वीस हजारांचा दंड आहे. वजनकाट्यावर गाडी नेण्यास नकार दिला, तर चाळीस हजारांचा. महाराष्ट्रात सुधारित दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. जागेवर भरावयाच्या तडजोड शुल्काचे दर राज्य शासन ठरविते. दुचाकीवर तिघे बसल्यास अधिनियमात एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवान्यास अपात्रता आहे. ही अपात्रता पुष्कळांना ठाऊकच नसते.

या कायद्यातील दोन गोष्टींकडे आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. पहिली अशी की, दंड केवळ चालकाला नाही. जो वाहन चालवितो त्याच्याबरोबरच जो तसे चालविण्यास भाग पाडतो किंवा चालवू देतो, तोही कायद्याच्या कक्षेत येतो. चालकाला ‘अजून दोन पोती टाक’ असे सांगणारा व्यापारी, ‘एकाच खेपेत सगळा माल आण’ असे बजावणारा ठेकेदार आणि हे ठाऊक असून दुर्लक्ष करणारा गाडीमालक, हे सारे त्यात आले. दुसरी गोष्ट अशी की, दंड भरला म्हणजे पुढे जाण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. काही राज्यांत ठोक रक्कम घेऊन जादा भाराच्या ट्रकांना पुढे सोडण्याची पद्धत पडली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदेशीर ठरविली आणि जादा माल उतरविल्याखेरीज वाहन हलता कामा नये, असे बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हीच अट अधिनियमाच्या कलमात स्पष्ट शब्दांत आली आहे. घाटाच्या माथ्यावर पावती फाडून घेतली म्हणून गाडीचे ब्रेक मजबूत होत नाहीत, हे न्यायालयाला सांगावे लागले, एवढाच याचा अर्थ.

आता एक हिशेब मांडतो. एखाद्या मालवाहू गाडीत मर्यादेपेक्षा एक टन वाळू अधिक असेल, तर अधिनियमाप्रमाणे दंड बावीस हजार रुपये होतो. प्रवासी गाडीत मर्यादेपेक्षा अधिक बसविलेल्या माणसांसाठी मात्र माणशी दोनशे रुपये दंड आहे. सरासरी पासष्ट किलो धरल्यास पंधरा माणसांचे वजन साधारण एक टन भरते. पंधरा माणसांचा दंड तीन हजार रुपये. म्हणजे एक टन वाळूस बावीस हजार आणि एक टन माणसांस तीन हजार! कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. गरीब प्रवाशांची वाहतूक करणाऱ्या लहान धंदेवाईकावर मोठा बोजा पडू नये, असाही विचार त्यामागे असू शकेल. परंतु परिणाम असा झाला आहे की, चार जादा माणसांच्या भाड्यातून दंडाची सोय होते आणि हिशेब चुकता होतो. म्हणून माणसांच्या जादा भाराबाबत केवळ दंडाच्या धाकावर विसंबून राहता येणार नाही. येथे समाजालाच शहाणपणा दाखवावा लागेल.

दंड हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत लहान आकडा आहे. मोठा आकडा विम्याचा आहे. आम्हांस हा विषय सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण ज्यांचे नुकसान होते त्यांना तो शेवटपर्यंत कळलेला नसतो.

पिकअप किंवा टेम्पोसारखे मालवाहू वाहन विम्याच्या दृष्टीने मालासाठी असते. त्यात भाडे देऊन अगर फुकट बसलेल्या प्रवाशाची जोखीम विमा कंपनीने घेतलेली नसते. मालासोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी, तसेच वाहनावरील कामगार यांची गोष्ट निराळी. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. मालवाहू वाहनात बसलेल्या अशा प्रवाशाच्या मृत्यूची अगर दुखापतीची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, जबाबदारी वाहनमालकाची. काही प्रकरणांत न्यायाधिकरणे ‘कंपनीने आधी द्यावे आणि मालकाकडून वसूल करावे’ असा आदेश देतात. पण तो मिळेलच, असे धरून कोणी संसार मांडू नये.

प्रवासी गाडीची स्थितीही फार वेगळी नाही. हिमाचल प्रदेशातील एका बसच्या अपघाताचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्या बसला ४२ प्रवाशांची परवानगी होती आणि आत त्याच्या दुपटीहून अधिक लोक होते. २००७ मध्ये न्यायालयाने ठरविले की, विमा कंपनीची जबाबदारी जितक्या प्रवाशांचा विमा आहे तितक्यांपुरतीच. सर्वांत मोठ्या रकमेचे ४२ दावे धरून कंपनीने रक्कम भरावी, ती सर्व दावेदारांत प्रमाणशीर वाटावी आणि उरलेली मालकाकडून घ्यावी.

याचा अर्थ उदाहरणाने सांगतो. समजा, दहा प्रवाशांची परवानगी असलेल्या जीपमध्ये वीस माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या कुटुंबास दहा लाखांची भरपाई मंजूर झाली. विमा कंपनीकडून दहा दाव्यांचे एक कोटी रुपये येतील. ते वीस कुटुंबांत वाटले जातील. प्रत्येकाच्या वाट्याला पाच लाख. उरलेले पाच लाख त्या जीपमालकाकडून वसूल करायचे, ज्याची जीप भंगार झाली आहे व जिच्यावर कदाचित अजून कर्जाचे हप्ते चालू आहेत. म्हणजे जो नियमाप्रमाणे आपल्या जागेवर बसला होता, त्याचीही भरपाई अर्धी झाली. मागच्या फळकुटावर दाटीवाटीने बसविलेल्या अकराव्या माणसाने नकळत पहिल्या दहांच्या मुलाबाळांचा वाटा घेतला. ‘एक माणूस अधिक घेतला तर काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यास हे उत्तर पुरेसे आहे.

शिवाय, परवान्याच्या अटींविरुद्ध वाहन वापरल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मालवाहू वाहनातून प्रवासी नेणे हा अटींचा भंगच होय. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. पूर्वी तो दोन वर्षांपर्यंत होता.

जादा भाराने अपघात का होतो, हे यंत्रशाळेत काम करणाऱ्या मंडळींकडून समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न केला. उताराला लागलेली गाडी जितकी खाली येते, तितकी तिची शक्ती कोठे तरी जिरावी लागते. ती इंजिनात जिरते किंवा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. तीन टन वजनाची गाडी तीनशे मीटर खाली उतरताना जी शक्ती जिरावी लागते, तिने साधारण २८ लिटर पाणी उकळू शकेल. त्याच गाडीत दीड टन अधिक भरले की ते ४२ लिटर होते. ब्रेकची चकती मात्र तेवढीच राहते, लायनरही तेवढेच. त्यात डिझेल वाचविण्यासाठी चालकाने गाडी न्यूट्रल केली, तर इंजिनाचा आधारही जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक पकड सोडतात. ‘ब्रेक निकामी झाले’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पुष्कळदा ब्रेक निकामी होत नाहीत, त्यांच्यावर निकामी होण्याची पाळी आणलेली असते. भारामुळे टायर तापून फुटतात आणि पाटे तुटतात ते निराळेच.

माणसे उभी असली अगर टपावर बसली, की गाडीचा तोल वर सरकतो. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तेव्हा आतली माणसेही त्याच बाजूला कलंडतात. पोती बांधता येतात, माणसे बांधता येत नाहीत. पिकअपच्या हौद्यात ना आसन असते, ना पट्टा, ना धरावयास दांडी. गाडी उलटली की आतील माणसे प्रथम बाहेर फेकली जातात आणि मग गाडी त्यांच्यावर येते. डोक्याला मार, मणक्याला मार, कंबरेच्या हाडांचा चुरा, या दुखापती आमचे डॉक्टर अशाच अपघातांत वारंवार पाहतात.

रस्त्याचेही तसेच. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या एका मोठ्या रस्ता चाचणीतून निघालेला नियम अभियंते आजही मानतात. आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज साधारणपणे त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्के वाढला तर झीज दुप्पट, भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांबद्दल पावसाला दोष देणे सोपे असते. त्यातील काही खड्डे डंपरांनी वजनकाटा चुकवून पाडलेले असतात. त्याच खड्ड्यांतून मग आपली रुग्णवाहिका जाते.

महाराष्ट्राने अलीकडच्या काळात जे पाहिले, ते उगाळून दुःख ताजे करण्याचा हेतू नाही. पण विस्मरण परवडणारे नाही. १० एप्रिल २०१८ रोजी सातारा जिल्ह्यात खंबाटकी घाटाजवळ मजुरांचा टेम्पो उलटून किमान सतरा जणांचा अंत झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मजूर त्याच ट्रकमध्ये होते. किमान पंधरा जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २० ऑगस्टला बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यात लोखंडी सळयांसह मजुरांना घेऊन जाणारा टिप्पर उलटला आणि तेरा मजूर गेले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात दरीत कोसळली आणि किमान दहा महिलांना प्राण गमवावे लागले. अपघातांची कारणे तपास यंत्रणांनी ठरवावयाची असतात, आम्ही ती ठरवीत नाही. परंतु या चारही घटनांत एक गोष्ट समान आहे. मालासाठी बांधलेल्या वाहनात माणसे होती. श्रावणी सोमवारी आपल्या रतनवाडीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माता-भगिनी त्या खेडच्या भगिनींहून वेगळ्या नाहीत. भक्ती तीच, घाट तसाच आणि पिकअपही तशीच.

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सुमारे ४६०. ही सारी जादा भाराने गेली असे नव्हे. पण ज्या अपघातांत एकाच गावातील अनेक चुली एकाच दिवशी विझतात, त्यांत गर्दीने भरलेले वाहन वारंवार दिसते.

आता रुग्णालयाच्या दारात काय घडते ते सांगतो. मोटारसायकलचा अपघात झाला तर एक-दोन जखमी येतात. तेथे डॉक्टर, परिचारिका, रक्त, क्ष-किरण यंत्र, शस्त्रक्रियागृह ही सारी व्यवस्था त्या एक-दोघांच्या पाठीशी उभी राहते. भरलेली पिकअप उलटली तर पंधरा-वीस जखमी एकाच वेळी येतात. आमच्यासारख्या ग्रामीण भागातील धर्मादाय रुग्णालयात व्हेंटिलेटर मोजके, शस्त्रक्रियेची टेबले मोजकी आणि रात्रपाळीचे डॉक्टरही मोजकेच. मग कोणाला आधी घ्यावयाचे, हे ठरविण्याचा कठोर प्रसंग डॉक्टरांवर येतो. दुखापतीच्या गांभीर्याप्रमाणे ते क्रम लावतात व तो क्रम शास्त्रशुद्ध असतो. परंतु बाहेर थांबलेल्या आईला आपले मूल तिसऱ्या क्रमांकावर का, हे समजावणे कोणालाच सोपे नसते. वाहनातील जादा भार असा अर्ध्या तासात रुग्णालयातील जादा भार होतो. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्ण तास’ म्हणतात. येथून नाशिक सुमारे सत्तर किलोमीटर. घाट, पाऊस आणि धुके यांत तो तास कसा सरतो, हे आपण सारे जाणता.

यानंतर येते बिल. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्यात, तसेच बिलांच्या रकमेतील दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावेत, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. आपल्या देणग्यांची भर याच कार्यात पडते. मजुरांची गाडी उलटते, तेव्हा जखमी बहुतेक याच वर्गातले असतात. त्यांच्यावर खर्च करणे हे आपले कर्तव्य आहे आणि त्याबद्दल आमची कसलीही तक्रार नाही. परंतु त्याच निधीतून हृदयविकाराच्या रुग्णाची, बाळंतिणीची, सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याची शुश्रूषा व्हावयाची असते. टाळता येण्याजोग्या अपघातावर खर्च झालेला रुपया न टाळता येण्याजोग्या आजारापासून हिरावलेला असतो. देणगीदारांपुढे हे स्पष्ट मांडणे आम्ही आमची जबाबदारी समजतो.

मे २०२५ पासून केंद्र शासनाने रस्ते अपघातातील जखमींसाठी नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. नातेवाइकांनी अशा प्रसंगी या योजनेबद्दल अवश्य विचारावे. मात्र मेंदूला अगर मणक्याला गंभीर इजा झालेल्या माणसाचे उपचार सात दिवसांत संपत नाहीत. अंथरुणाला खिळलेला कर्ता पुरुष, मोडलेली शेती, सुटलेली शाळा यांचे बिल कोणत्याही रुग्णालयाच्या खिडकीवर निघत नाही. ते घर आयुष्यभर फेडत राहते.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. लोक अशा गाड्यांत बसतात तरी का? त्यांना जिवाची पर्वा नसते म्हणून? मुळीच नाही. संध्याकाळची एस.टी. चुकली की दुसरी नसते. वाड्या-वस्त्यांवर ती पोहोचतच नाही. मजुराला सकाळी वेळेवर पोहोचावयाचे असते आणि मुकादमाने पाठविलेली गाडी सोडली तर दिवसाची मजुरी बुडते. राज्यातील पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे आणि आपल्या तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, या मार्गावर धावली, हा आपल्या जिल्ह्याचा मान आहे. त्या जिल्ह्यातील शेवटच्या आदिवासी वाडीपर्यंत सोयीच्या वेळी एस.टी. पोहोचावी, ही मागणी दंडाच्या मागणीइतकीच न्याय्य आहे. गरीब माणसाने गर्दीच्या जीपमध्ये पाय ठेवला, तर त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्यापुढे दुसरे कोणते वाहन उभे होते, हे पाहावे लागते. म्हणून आमचे आजचे आवाहन प्रथम त्यांना आहे, ज्यांना निवड करता येते. या सभागृहात असे पुष्कळजण आहेत.

आमचे देणगीदार व्यापारी आहेत, बागायतदार आहेत, हॉटेल व्यावसायिक आहेत, वाहतूकदार आहेत. आपण मजूर आणण्यासाठी गाडी पाठविता, तेव्हा आसने मोजून माणसे बसवावीत. दुसरी खेप करावी लागली तर तिचा खर्च आपण सोसावा. तो खर्च देणगीच समजावा. आमच्या दृष्टीने ती रुग्णालयाला दिलेल्या देणगीहून मोठी ठरेल, कारण ती रुग्ण होऊच देत नाही. मालाच्या खेपा ठरविताना चालकाला वेळेची आणि वजनाची अशक्य अट घालू नये. चालकाने ‘साहेब, इतके नको’ म्हटले, तर त्याचे ऐकावे. घाट त्याला उतरावयाचा असतो.

गावोगावच्या ज्येष्ठांनी आणि यात्रा मंडळांनी लग्नाच्या वऱ्हाडासाठी, देवदर्शनासाठी पिकअपऐवजी एस.टी. महामंडळाची बस प्रासंगिक करारावर घ्यावी. खर्च सर्वांत वाटला तर तो फार जड जात नाही. मार्च २०२३ पासून नियमित एस.टी. प्रवासात महिलांना निम्मे भाडे आहे. जेथे एस.टी. जाते तेथे तिच्यासाठी अर्धा तास थांबणे तोट्याचे नाही. पर्यटकांना निवास देणाऱ्या मंडळींनी आपल्या पाहुण्यांना रात्री काजवे पाहावयास नेताना जीपच्या टपावर किंवा मागच्या दारावर लटकू देऊ नये. पाहुणा सुखरूप परतला तरच तो पुढच्या वर्षी येतो.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. रुग्ण मोठ्या शहरात हलवावयाचा असतो, तेव्हा घरातील प्रत्येकाला रुग्णवाहिकेत बसावेसे वाटते. ती माया आहे, हे आम्ही जाणतो. परंतु रुग्णवाहिकेत परिचारिकेला हात हलविण्यास, नाडी पाहण्यास, श्वासाची नळी सांभाळण्यास जागा हवी असते. आत सहा माणसे बसली की रुग्णाचाच श्वास अडतो. म्हणून सोबत एक, फार तर दोन नातेवाईक, हा आमच्या चालकांचा नियम आहे. कृपया त्यांच्याशी वाद घालू नये. मागून येणाऱ्यांनी सावकाश, वेगळ्या गाडीने यावे. घाईने मागून येणारी भरलेली जीप दुसरा अपघात घडवू शकते.

आणि रस्त्यात अपघात दिसला, तर थांबावे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. जखमीला मदत करणाऱ्या सज्जन नागरिकास त्रास होऊ नये, म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. आपण पुढे केलेला हात कोणाचा तरी सुवर्ण तास वाचवू शकतो.

शेवटी, येथूनच दिसणाऱ्या एका वास्तूकडे आपले लक्ष वेधतो. प्रवरेवरील हे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे अकरा टी.एम.सी. ही त्याची क्षमता. पाणी त्या पातळीस पोहोचले की दरवाजे उघडतात, मग वरून कितीही पाऊस कोसळो. ‘आणखी थोडे मावेल’ असे तेथे कोणी म्हणत नाही. १९६९ मध्ये धरणात गळती आढळली, तेव्हा मर्यादेकडे डोळेझाक झाली नाही. पुढे त्याचे मजबुतीकरण करण्यात आले. म्हणूनच आजही ते उभे आहे आणि खालचा सारा मुलूख निर्धास्त झोपतो. दगड-चुन्याच्या भिंतीला जी मर्यादा आपण मानतो, तीच लोखंडाच्या गाडीला मानली, तर आमच्या अपघात विभागातील पुष्कळ खाटा रिकाम्या राहतील. रुग्णालयाच्या प्रशासनाने खाटा रिकाम्या राहाव्यात अशी इच्छा करावी, हे वाणिज्याच्या पुस्तकात बसत नाही. धर्मादाय संस्थेच्या पुस्तकात मात्र ते निश्चित बसते.

 आपला परतीचा प्रवास सुखाचा होवो. निघताना आपल्या गाडीतील माणसे कृपया एकदा मोजावीत.